घोडा आधी आला

कालेर्वो,
घोडा आला.
तू नाही, घोडा.

मंगळवारी निरोप होता स्टेशनावरून :
सतरा उतरवलेत, ज्याचा त्याने ओळखून न्यावा.
चौदा किलोमीटर चालले, खिशात काळ्या पावाचा तुकडा.
सगळे सारखेच दिसत होते रे,
नुसती हाडं, वर वाळलेला चिखल.
मी विल्क्कू म्हणायच्या आतच
एकाने माझ्या कोटाच्या खिशात नाक खुपसलं.

पुढच्या खुरावर आकडा डागलाय.
लोहार म्हणाला, खूर वाढतो बाई,
उन्हाळ्यापर्यंत आकडा झिजून जाईल खाली.
मी विचारलं, आणि माणसाचं काय वाढतं?
तो नाल ठोकत राहिला.

लगामाला कुणाची तरी गाठ होती.
तुझी नव्हे. तुझी गाठ सोडवताना
माझ्या तोंडून काय काय निघतं, तुला ठाऊक आहे.
ही एका ओढीत सुटली.
कुणी समजूतदार माणूस असावा.
असावा, एवढंच म्हणते. होता म्हणवत नाही.

तुझं जूनमधलं पत्र अजून उशाशी आहे.
मधल्या तीन ओळी काळ्या.
आधी वाटलं, गावाचं नाव असेल.
मग वाटलं, माझ्यासाठीच काही लिहिलं असशील,
आणि कुठल्या तरी खोलीत, शाईची बाटली घेऊन बसलेल्या परक्यानं
ते वाचलं, आणि झाकून टाकलं.
त्या तीन ओळींवर मी अख्खा उन्हाळा काढला.
रात्री मावळायच्याच नव्हत्या, वाचायला दिवाही लागायचा नाही.
उरलेल्या पत्रात तू घोड्याचंच विचारतोस :
सामानाच्या गाड्यांपाशी रोज संध्याकाळी हाक मारतो,
परवा एका तांबड्याने कान टवकारले,
पण ती माशी होती.
मला हसू आलं. मग जरा रागही.

चादरी आता कागदाच्या मिळतात.
कूस बदलली की कुरकुरतात,
झोपेत वाटतं, कुणीतरी पाकीट उघडतंय.
म्हणून मी कूस बदलत नाही.

ओईली तुला फोटोवरून ओळखते,
म्हणजे कमरेपर्यंतच.
काल विचारत होती, बाबाला पाय आहेत ना?
आहेत, म्हटलं.
शेवटच्या पत्रापर्यंत तरी होते,
हे मनात.

बटाटे काढून झाले. तळघराचं दार नीट लागत नाही,
तू येऊन बघ.
कॉफी म्हणून भाजलेलं धान्य उकळते,
वास येतो तो जळक्या खळ्याचा.
लढाई थांबली म्हणतात सगळे,
हिल्माचा नवरा परवा सायकलवरून आला, शिट्टी वाजवत.
तुमची तुकडी मात्र उत्तरेला वळवली, असं त्याच्याकडूनच कळलं.
हिल्मानं त्याला पटकन घरात ओढलं,
माझ्यासमोर हसू नये म्हणून.

हो, एक सांगायचं राहिलं.
त्या दिवशी घोडा आणताना
पुलाच्या अलीकडे, अल्डरच्या झाडापाशी तो थांबला.
ओढलं, चुचकारलं, पाव दाखवला.
हलेना.
दोन वर्षं तोफा ओढून आलेलं जनावर, मला वाटलं घाबरलं असेल.
मग लक्षात आलं :
इथेच तर तू पाइप पेटवायचास,
वाऱ्याकडे पाठ करून, एक हात त्याच्या मानेवर.

मी लगाम सैल सोडला.
उभे राहिलो दोघं.
एक पाइप संपायला लागतो तेवढा वेळ,
मी कधी मोजला नव्हता, त्याला बरोबर माहीत होता.
मग त्यानं मान झटकली
आणि आपणहून चालू लागला.

आता रोज दुधाचे कॅन पोचवून परतताना
थांबतो आम्ही तिथे.
ओईली गाडीत पाय हलवत बसते,
विचारते, कशाला थांबलोय?
घोड्याला विचार, म्हणते मी.

तू सावकाश ये. पाइप पूर्ण ओढून ये.
आम्हाला घाई नाही.

ही शेवटची ओळ
त्यांनी खोडली तरी चालेल.

सायमी